स्वयंपाकघरात जर्मन, बेडरूममध्ये जपानी

एका वेळी एकच परकी भाषा शिकावी, असं मला जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी एकालाही एकसुद्धा परकी भाषा येत नव्हती, पण त्यामुळे त्यांच्या आवाजातली खात्री जराही कमी झाली नाही.

मी हौसेने दोन भाषा शिकायला निघाले नव्हते, हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या इमारतीत तसा समज पसरलेला आहे. हौस म्हणून मी फार तर एखादी कुंडी आणते. प्रश्न माझ्या नोकरीचा होता. बाळंतपणाची रजा, मग बिनपगारी रजा, मग मुलीला ताप आला म्हणून वाढवलेली रजा, असं करत करत मी ऑफिसात परतले, तेव्हा माझ्या टेबलावर प्रिंटर बसला होता आणि खुर्चीवर त्याचे कागद. आमची कंपनी वजनकाटे बनवते. दुकानातले, दवाखान्यातले, पोती तोलायचे. मी निर्यात विभागात. आणि त्या सुमाराला अख्खी कंपनीच विकायला निघाली होती. एक जर्मन कंपनी येऊन बघून गेली होती, एक जपानी कंपनी येऊन बघून गेली होती, आणि दोघांनीही "कळवतो" म्हटलं होतं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. साहेब स्वतःहून पाणी देतात तेव्हा बातमी घसा कोरडा पाडणारी असते.

"हे बघा मॅडम, नवे मालक आले की निर्यातीत एकच जागा राहणार. मालकांशी त्यांच्या भाषेत बोलू शकेल अशा माणसाची."

"कुठल्या भाषेत, सर?"

"मालकांच्या."

"पण मालक कोण?"

"ते वरून ठरेल," साहेब म्हणाले आणि त्यांनी वर पाहिलं. वर पंखा होता.

विभागात आम्ही तिघं. एक टायवाला. हा भर उन्हाळ्यातही टाय लावतो आणि आपलं ठरलेलं आहे असं चालतो. दुसरी कुजबुजबाई. ही स्टेपलर मागायलासुद्धा कानाशी येते. टायवाल्याने त्याच दिवशी जर्मनचा क्लास लावला. कुजबुजबाईने जपानीचा लावला, हे मला तिनेच कानात सांगितलं. राहिले मी. आमच्या माहेरी छत्री आणि रेनकोट दोन्ही घेऊन बाहेर पडायची पद्धत होती. मी दोन्ही भाषा घ्यायचं ठरवलं. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. उलट भीतीच होती, फक्त नीट नियोजन केलेली.

भाषा शिकवणाऱ्या संस्थेत खिडकीमागे एक कारकून बसतो. माझ्या कडेवर ठकू होती. ठकू म्हणजे माझी मुलगी, नुकती दोन वर्षं पूर्ण केलेली.

"कुठली?" कारकुनाने विचारलं.

"दोन."

"दोन काय?"

"भाषा."

त्याने काहीतरी टाईप केलं आणि कॉम्प्युटरकडे असं बघितलं, जसं आपण वरिष्ठांकडे बघतो. "घेत नाही."

"कोण?"

"हा. एका माणसाला एकच घेतो. पहिली संपली की मग दुसरी."

"पहिली कधी संपते?"

"मॅडम, भाषा कधी संपते का?" तो म्हणाला. हे वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं, कारण त्याने ते शेजारच्या खिडकीलाही ऐकवलं.

विशेष परवानगी मुख्याध्यापक देतात. मुख्याध्यापक रजेवर होते. त्यांच्या जागी बसलेल्या बाईंना नाही म्हणायचा अधिकार होता, हो म्हणायचा नव्हता, आणि त्या तो अधिकार मन लावून वापरत होत्या. मी पुन्हा गेले, आणि पुन्हा गेले. शेवटच्या फेरीत मुख्याध्यापक सापडले. मी माझी बाजू मांडत असताना ठकूने त्यांच्या टेबलावरचा शिक्का उचलून तोंडात घातला. शिक्का काढून घेतल्यावर तिने जो आवाज लावला, तो संपायच्या आत परवानगी मिळाली. फक्त एक हमीपत्र द्यावं लागलं: दोन्ही भाषा एकमेकींत मिसळल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. मी सही करताना हसले होते. आता हसत नाही.

सकाळी ऑफिसच्या आधी जर्मन, संध्याकाळी ऑफिसनंतर जपानी. जर्मनमध्ये चमचा पुरुष असतो, काटा बाई असते आणि सुरी या दोन्हींत न बसणारी. जपानीत पेन्सिली वेगळ्या आकड्यांनी मोजायच्या आणि कागद वेगळ्या आकड्यांनी. एक संपवून दुसरी घेतली तर हे माणसाला पेलेल. पण माझ्या डोक्यात 'परकं' असा एकच डबा होता, आणि त्यात हात घातला की जे हाताला लागेल ते बाहेर येई. जर्मनच्या बाईंना मी कमरेत वाकून नमस्कार केला. त्यांना वाटलं माझं काही पडलंय, त्याही वाकून शोधू लागल्या. जपानीच्या सरांनी वर्गात मला नाव विचारलं, तर मी ते जर्मनमध्ये इतकं खणखणीत सांगितलं की पहिल्या बाकावरचा माणूस उठून उभा राहिला. कुजबुजबाई त्याच वर्गात होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांच्या कानात ते पोचलं होतं.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या वहिनींनी सांगितलं, "झोपताना कानाला लावून झोप गं, आपोआप उतरतं. माझा भाचा तसाच शिकला." कुठली भाषा शिकला ते त्यांना आठवत नव्हतं. नवरा म्हणाला, "अगं, सरळ सिनेमे बघ." त्याने त्याच दिवशी मोठा टीव्ही बघायला सुरुवात केली, दुकानात. सासूबाईंनी सल्ला दिला नाही. त्या फक्त म्हणाल्या, "मला एक सांग, ते लोक आपली भाषा का शिकत नाहीत? विकत तेच घेतायत ना?" मी शब्दांची वही उघडली.

पण खरा सल्ला दिला तो खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांनी. हे बँकेतून निवृत्त झाले, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. लिफ्टमध्येसुद्धा ते आधी रांग लावायला सांगतात.

"सूनबाई, चूक तुझी नाही, व्यवस्थेची आहे," ते म्हणाले. "एका काउंटरवर दोन कामं घेतली की गोंधळ होणारच. काउंटर वेगळे कर."

"म्हणजे कसं, काका?"

"खोल्या आहेत ना तुझ्याकडे? वाटून टाक! या खोलीत ही भाषा, त्या खोलीत ती. उंबरा ओलांडला की भाषा बदलली. डोक्याला सवय लागते."

"आणि आपली भाषा?"

काकांनी भुवया चढवल्या. "तिला मोकळं सोडलंस तर ती सगळीकडे घुसणार. तिला बाहेर ठेव."

मला ते पटलं. मी पदवीधर आहे, पण घाबरलेल्या माणसाला ठाम आवाजात सांगितलेली कुठलीही गोष्ट पटते.

तर अशी वाटणी झाली. स्वयंपाकघरापासून फ्रिजपर्यंत जर्मन. हॉलमधल्या सोफ्यापासून बेडरूमपर्यंत जपानी. बाथरूम तटस्थ. आणि आपल्या भाषेला गॅलरी.

"आपल्याच घरात आपल्या भाषेला गॅलरी?" नवरा म्हणाला.

"तीन महिन्यांचा प्रश्न आहे. मग सगळं पहिल्यासारखं."

"गॅलरीत वॉशिंग मशीन आहे गं. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास आत घ्यायचा."

"तू हे आत्ता हॉलमध्ये बोलतोयस," मी म्हटलं, अर्थात गॅलरीत जाऊन.

आमच्या संसाराचे सगळे महत्त्वाचे निर्णय त्यानंतर ओल्या कपड्यांत झाले. गॅसवाल्याला कधी बोलवायचं, ठकूची लस, नणंदेकडे जायचं की नाही, सगळं. नवरा-बायकोचं भांडण म्हणजे मध्ये एक चादर वाळत असायची आणि दोन्ही बाजूंनी आवाज. समोरच्या वहिनी आपल्या गॅलरीत भाजी निवडत बसू लागल्या. त्यांची भाजी कधी संपत नसे. एकदा भांडण अर्ध्यावर ठेवून आम्ही जेवायला आत गेलो, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी जिन्यात मला विचारलं, "मग ठरलं काय शेवटी? माझ्या मते तुझंच बरोबर होतं."

स्वयंपाकघरात मी जर्मनशिवाय बोलत नसे. नवऱ्याने मीठ मागितलं तर जर्मनमध्ये मागितल्याशिवाय देत नसे. तो बिनमिठाचं जेवू लागला आणि त्याला म्हणे ते आवडायला लागलं. 'हात धुतलेस का', 'झाकण ठेव', 'भाजेल, तिकडून धरू नको', 'आता बास', ही वाक्यं मी दिवसातून इतक्यांदा म्हणे की जर्मनच्या बाई थक्क झाल्या. बेडरूममध्ये ठकूला झोपवताना फक्त जपानी. 'पाय वर घे', 'पांघरूण कुठंय', 'हळू, दार वाजवू नको', 'मी इथेच आहे'. परीक्षा झाल्या. दोन्हींत पास झाले. व्यवस्था चालत होती.

सासूबाई नियमात येत नव्हत्या, तरी त्यांनी तो पाळला. पाळताना त्या जो चेहरा करत, तो नियम मोडण्यापेक्षा वाईट होता. "मी काय दगड आहे का गं? कुठे उभं राहून बोलायचं तेवढं सांग, म्हणजे झालं," असं म्हणून त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. एके दिवशी मी बेडरूममध्ये जपानी घोकत होते, आणि गॅलरीच्या खिडकीतून त्यांना स्वयंपाकघर दिसत होतं. आत येऊन सांगितलं असतं तर नियम मोडला असता. म्हणून त्या गॅलरीतूनच ओरडल्या, "दूध उतू जातंय!" समोरच्या वहिनी आत पळाल्या. त्यांच्या वरच्या मजल्यावरचे पळाले. खाली बँकवाल्या काकांनी गॅस बंद केला, आणि त्यांच्याकडे त्या वेळी गॅसवर काही नव्हतंच. अख्ख्या इमारतीत फक्त एका घरातलं दूध उतू गेलं, आमच्या.

हे सगळं मी आता हसून सांगते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. ठकू बोलत नव्हती. आधी दोन-चार शब्द बोलायची, तेही बंद. स्वयंपाकघरात गप्प, बेडरूममध्ये गप्प, माझ्या तोंडाकडे बघत राहायची, जसं आपण बंद पडलेल्या टीव्हीकडे बघतो. फक्त गॅलरीत तिचं तोंड उघडे. आणि तिला शब्द येत ते कुठले? चिमटा. ओलं. कावळा. काकू. दूध हवं असलं की ती जाऊन गॅलरीच्या दारावर थापा मारी आणि म्हणे, "चिमटा! चिमटा!"

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान तपासले, घसा बघितला, टाळी वाजवली, खुळखुळा वाजवला.

"ठीक आहे मुलगी. घरी तिच्याशी कुठल्या भाषेत बोलता?"

"कुठल्या खोलीत?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी त्यांना सगळी वाटणी समजावून सांगितली. फ्रिजची हद्दसुद्धा सांगितली. सांगता सांगता आपण काय करतोय ते माझं मलाच ऐकू यायला लागलं.

"ती बोलते," शेवटी ते म्हणाले. "जागा बघून बोलते. तिला वाटतंय, तसाच नियम आहे. तुम्हीच तर लावलाय."

घरी आल्यावर मी चपला न काढता स्वयंपाकघरात गेले आणि जोरात म्हणाले, "दूध हवंय का गं माझ्या राणीला?" नवऱ्याच्या हातातला चमचा खाली पडला. सासूबाई गॅलरीतून आत आल्या, खुर्चीसकट. ठकूने माझ्याकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, मग गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. तिचा विश्वास बसायला आठवडा गेला. मग मात्र ती जी सुटली ती सुटली. वाटणी रद्द झाली, आणि माझं जर्मन आणि जपानी त्याच आठवड्यात कुठे गेलं ते मला कळलं नाही. डब्यात हात घातला तर तळ लागत होता.

आणि नेमकी तेव्हाच वरून बातमी आली. दोन्ही कंपन्या मिळून आमची कंपनी घेणार होत्या. अर्धी जर्मन, अर्धी जपानी. जागा मात्र एकच.

टायवाल्याने टाय सैल केला. हे मी पहिल्यांदा पाहिलं. कुजबुजबाई चक्क मोठ्याने म्हणाली, "आता?" सगळे माझ्याकडे वळले. दोन्ही भाषांची परीक्षा दिलेली अख्ख्या कंपनीत मी एकटी. दुपारपर्यंत लोक मला आधी लिफ्टमध्ये जाऊ देऊ लागले. मी नम्र चेहरा ठेवला. आतून मी रिकामी होते, पण हे लिफ्टमध्ये सांगायची गोष्ट नव्हे.

पाहुणे आले. जर्मनांकडून एक उंच बाई, जपान्यांकडून एक वयस्कर, नीटनेटके गृहस्थ. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला साहेब, आणि मध्ये मी. साहेब म्हणाले, "या आमच्या मॅडम. दोन्ही भाषा." आणि माझ्याकडे असा हात केला, जसा जादूगार पडद्याकडे करतो.

मी तोंड उघडलं. आत कोणीच नव्हतं. ना चमचा, ना पेन्सिल. बाई बघत होत्या, गृहस्थ बघत होते, साहेबांचा हात हवेतच होता. कुठेतरी ए.सी. घुरघुरत होता. मला वाटलं, गेली जागा. माझी खुर्ची आता कायमची प्रिंटरच्या कागदांची.

"आधी चहा घेऊ," साहेब घाईने म्हणाले. शिपाई गैरहजर, म्हणून सगळे पॅन्ट्रीत गेलो. छोटीशी जागा, सिंक, बिस्किटांचा डबा, उकळणारी किटली. बाईंनी पुढे होऊन किटलीला हात घातला.

"भाजेल! तिकडून धरू नको!" मी ओरडले. जर्मनमध्ये. "फडकं घे. आणि आधी हात धुतलेस का?"

मी त्या बाईंशी 'अगं तू' करून बोलत होते, कारण आमच्या स्वयंपाकघरात जर्मन ऐकायला एक दोन वर्षांची मुलगी आणि तिचा बाप एवढीच मंडळी होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग निमूटपणे सिंकपाशी जाऊन हात धुतले. आणि हात पुसता पुसता हसायला लागल्या, ते थांबेचनात. त्यांनाही दोन मुलं आहेत, आणि धाकटा काही खात नाही, हे मला पुढच्या पाच मिनिटांत कळलं. तो का खात नाही यावर मी जर्मनमध्ये भाषण केलं. साहेबांना वाटलं, आम्ही कराराविषयी बोलतोय. ते मध्ये मध्ये मान डोलावत होते.

जपानी गृहस्थ बाजूला भिंतीला टेकून उभे होते. हसरा चेहरा, ताठ पाठ. पण दाबलेल्या जांभईने माणसाचे कान हलतात, हे लहान मूल असलेल्या बाईला बरोबर दिसतं. पॅन्ट्रीपलीकडे पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला फर्स्ट एडची खोली आहे. मी त्यांना तिकडे नेलं. आत लोखंडी कॉट, पायथ्याशी घडी घातलेलं पांघरूण. ते पाहिलं मात्र, आणि जपानी आपोआप जिभेवर आलं.

"झोप आली ना? चला. पाय वर घ्या. हळू. मी इथेच आहे."

एवढ्या मोठ्या माणसाला मी हे म्हणाले. आणि त्या माणसाने बूट काढले, कोपऱ्यात सरळ रेषेत ठेवले, आणि पाय वर घेतले. मी पांघरूण घातलं, दार न वाजवता लोटून बाहेर आले. साहेब पॅसेजमध्ये उभे होते.

"पाहुणे कुठायत?"

"शू," मी म्हटलं. "आत्ताच झोपलेत."

"मॅडम, तुम्ही मालकांना झोपवलंत?" साहेबांचा आवाज फाटला होता, पण कुजबुजबाईइतकाच बारीक होता, कारण त्यांनाही आता दार वाजायला नको होतं.

गृहस्थ अर्ध्या तासाने बाहेर आले ते टवटवीत होऊन. त्यांनी आधी मला कमरेत वाकून नमस्कार केला, मग साहेबांना थोडं कमी वाकून. त्यानंतरची बैठक मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघांनी भराभर संपवली. निघताना बाईंनी साहेबांना विचारलं की यापुढे इथे बोलायचं ते कुणाशी. साहेब उत्तर द्यायच्या आत गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "जागा तुमची," ते म्हणाले. मी आभार मानायला सुरुवात केली. "फक्त टेबलाचं जरा..." ते थांबले. "मी काल बघितलं मॅडम. मीटिंगरूममध्ये तुम्हाला येत नाही. पॅन्ट्रीत जर्मन येतं, फर्स्ट एडमध्ये जपानी येतं. मला ते कसं ते समजलं नाही, पण फोन कधीही येऊ शकतो. तेव्हा टेबल आपण मध्ये टाकू या."

मध्ये म्हणजे पॅसेजमध्ये. पदवी आहे, जागा मिळाली आहे, आणि माझ्या टेबलाच्या एका बाजूला बिस्किटांचा डबा, दुसऱ्या बाजूला बँडेजचं कपाट. फोन वाजला की मी आधी नंबर बघते आणि मग दार निवडते. टायवाला चहाला जाताना मला ओलांडून जातो आणि दर वेळी म्हणतो, "सरकता का जरा?" सरकायला जागा असती तर मी सरकले असते.

घरी मी हे सगळं जेवणाच्या टेबलाशी सांगितलं. नवरा म्हणाला, "चला, नोकरी राहिली!" ठकूला त्यातलं काही कळलं नाही, पण तिने तोंडात घास असताना त्यावर बरंच भाष्य केलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, निदान त्या तरी माझ्या अपमानाबद्दल काही बोलतील.

"पॅसेजमध्ये वारं लागतं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून स्वेटर नेत जा."